एका बाराची बंदूक

कोकण म्हटलं की समुद्र, मासे आणि हापूस. पण तिथल्या अनेक घरांत भिंतीवर एक ठासणीची बंदूकही असते. तिची शिकार तर कायद्याने केव्हाच संपली. मग ती अजून तिथे काय करतेय? सिंधुदुर्गातल्या एका लाँग वीकेण्डची ही गोष्ट.

सकाळची लोकल ठासून भरलेली असते. मीटिंगमध्ये बॉस आपला मुद्दा ठासून सांगतो. आठवडाभर राबून केलेल्या प्रेझेंटेशनचा बार फुसका निघतो. आणि प्रकरण अंगाशी आलं की कुणीतरी दुसऱ्याच्या खांद्यावर बंदूक ठेवून मोकळा होतो. दिवसभरात आपण किती वेळा ही बंदूक काढतो, मोजलंय कधी? शब्द सगळे तोंडात आहेत. वस्तू मात्र आपल्यातल्या बहुतेकांनी फक्त म्युझियमच्या काचेआड पाहिलेली. तीही घाईघाईत, कारण पुढच्या दालनात तलवारी असतात!

मी ती कामावर असलेली पाहिली. कुडाळ तालुक्यातल्या एका वाडीत, माझ्या मित्राच्या घरी. मित्र पुण्यात सॉफ्टवेअरमध्ये. त्याला वडिलांशी एका ‘पेपरवर्क’बद्दल बोलायचं होतं आणि मला मोबाइलची रेंज नसलेली जागा हवी होती. तो पुण्याहून मुंबईला आला, रात्रीची कोकणकन्या पकडली आणि सकाळी कुडाळला उतरून रिक्षाने वाडीत. अंगणात सुपारी वाळत टाकलेली, पडवीत झोपाळा, चुलीवर घावणे. आणि पडवीतून माजघरात जाताना दाराच्या वर, दोन खुंट्यांवर आडवी ठेवलेली, जवळजवळ माझ्या खांद्याएवढ्या उंचीची ती लांबलचक बंदूक.

मी बघत राहिलो तसे मित्राचे वडील, म्हणजे सगळ्या वाडीचे आबा, झोपाळ्यावरूनच म्हणाले, ‘‘बग, खुशाल बग. पण हात लावू नको हां. लायसन माझ्या नावार असा.’’

चार दिवसांत हे वाक्य मी वेगवेगळ्या सुरांत ऐकलं. पेपरवर्क नेमकं त्याचंच होतं.

म्हातारीची कवायत

आबा तिला ‘म्हातारी’ म्हणतात. स्वतःचं वय चौऱ्याहत्तर, पण म्हातारी ती! एक नळी, लाकडी दस्ता, वर एक घोडा, खाली चाप आणि नळीच्या टोकाला नेम धरायला इवलीशी माशी. नळीच्या पोटाखाली एक गज अडकवलेला असतो. बंदूक ठासायची ती याने.

दुसऱ्या दिवशी सकाळी बागेत जाण्याआधी आबांनी तिची कवायत दाखवली. काडतुसाची बंदूक मागून मोडायची, काडतूस सरकवायचं, संपलं. हिचं सगळं तोंडातून. आबांनी आधी तो गज नळीत सोडला आणि त्यावरची एक खूण नळीच्या तोंडाशी जुळते का ते पाहिलं. जुळली म्हणजे नळी रिकामी. गज खुणेपेक्षा वर राहिला तर आत जुना बार तसाच बसलेला आहे असं समजायचं. त्यावर दुसरा ठासला तर फुटणार ती नळी, आणि तीही आपल्याच तोंडासमोर.

मग शिंगातून मोजून काळी दारू. त्यावर नारळाच्या काथ्याचा बोळा. गजाने ठास, ठास, ठास. शिकारीचे दिवस असते तर त्यावर शिशाचे छर्रे आणि ते घरंगळू नयेत म्हणून पुन्हा एक बोळा. शेवटी घोड्याखालच्या बोंडीवर तांब्याची चिमुकली टोपी, म्हणजे केप. चाप ओढला की घोडा केपावर आपटतो, ठिणगी बारीक भोकातून आत जाते आणि बार उडतो.

‘‘आदी दारू, मगे काथ्यो, मगे छर्रे, मगे परत काथ्यो,’’ आबा म्हणाले. ‘‘घाई केलंस की चुकलंस.’’

मी घड्याळ लावलं होतं. सगळं होईपर्यंत दीड मिनिट गेलं. दीड मिनिटात ससा पुढच्या वाडीत पोचतो आणि लाव्यांचा थवा डोंगराच्या पलीकडे. म्हणजे या बंदुकीला ‘अनडू’ नाही आणि ‘रीट्राय’सुद्धा नाही. एक बार. चुकला तर घरी जाऊन भाजी-भाकरी.

शिवाय पावसाळ्यात हिचं मौन. काळी दारू ओल धरते आणि कोकणातला पाऊस तर भिंतीलाही ओल आणतो. बार उडाला तरी काम संपत नाही. जळलेल्या दारूची काजळी नळीत राहिली तर रातोरात गंज चढायला लागतो, म्हणून त्याच दिवशी कढत पाण्याने नळी धुवायची, कोरडी करायची, तेलाचं फडकं फिरवायचं. काकींच्या मते आबांनी आयुष्यात एवढ्या प्रेमाने दुसरं काहीही धुतलेलं नाही.

पाद्रीबुवा आणि हुशार बदकं

ही केप आली कुठून, माहितीय? चक्क पक्ष्यांच्या शिकारीतून! त्याआधीच्या बंदुकांत गारगोटी पोलादावर आपटायची, बाहेरच्या पेल्यातली दारू भप्पकन पेटायची आणि मग आतला बार उडायचा. या दोहोंत जो क्षणभर वेळ जायचा, तेवढ्यात पक्षी ती चमक बघून सावध व्हायचे. स्कॉटलंडमध्ये ॲबर्डीनजवळच्या बेलहेल्वी गावात अलेक्झांडर फोर्सिथ नावाचे पाद्री होते. त्यांना बदकांच्या शिकारीचा नाद आणि चमक दिसताच बदकं निसटणार, हा रोजचा ताप. त्यांनी आपटल्यावर पेट घेणारी रसायनं वापरून नवीन चाप बनवला आणि १८०७ मध्ये त्याचं पेटंट घेतलं. पुढे त्याच कल्पनेतून तांब्याची केप आली. मग सगळ्या जगाच्या फौजांनी ती उचलली. बदकांना मात्र काय केलं त्याची कल्पना नसावी.

गंमत अशी की एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात काडतुसाची बंदूक आली आणि विलायतेत ठासणीची बंदूक मागे पडली. आज अमेरिकेत, इंग्लंडमध्ये काही हौशी लोक मुद्दाम ठासणीच्या बंदुकीने ससे, खारी आणि पाखरांची शिकार करतात. परवाना काढून, ठरलेल्या मोसमात. त्यांना तो धूर, तो गंधकाचा वास आणि ती संथ लय हवी असते. आपण नाही का, मोबाइलमध्ये हजारो गाणी असताना जुनी रेकॉर्ड लावतो!

कोकणात हौसेचा प्रश्नच नव्हता. इथे ठासणीची बंदूक राहिली कारण परवडणारी तीच होती, आणि मिळणारीही तीच.

पाखरं, ससे आणि वाटे

रात्री जेवणं झाल्यावर आबा खुलले. त्यांच्या वडिलांच्या काळात भात कापणी झाली की मोकळ्या मळ्यात लावे उतरायचे. काजूच्या रायवळात रानकोंबडे, बांधाच्या कडेला ससे. वडाला फळं धरली की हरियल. विलायती साहेबाच्या रीतीप्रमाणे बसलेल्या पाखरावर बार टाकणं म्हणजे गावंढळपणा. मारायचं ते उडतं पाखरू. मी हे सांगितल्यावर आबा खोखो हसले. ‘‘उडत्या पाखरार बार टाकूक आमी काय सायब? दारू काय फुकट येय?’’

इथला हिशेब वेगळा. तीस-पस्तीस पावलांच्या आत जायचं, झाडाखाली तास-तास बसायचं, एका फांदीवर तीन-चार हरियल ओळीत येईपर्यंत श्वास रोखायचा आणि मग एकच बार. एका बारात जेवढी पडतील तेवढी. त्यानंतर धुराचा ढग. तो विरेपर्यंत काय पडलं आणि काय उडालं, तेही कळत नाही.

मिळालं त्याचे वाटे पडायचे. हाकारा घालणाऱ्यांचा, कुत्रेवाल्याचा, बार टाकणाऱ्याचा आणि एक वाटा चक्क बंदुकीचा. म्हणजे ज्याची बंदूक त्याला. घरबसल्या रॉयल्टीच की!

हे ऐकताना मलाही ते चांदणं, तो वड दिसायला लागला. पण नॉस्टॅल्जियाची ही दारूही बेताने घेतलेली बरी. एका बाराची बंदूक होती म्हणून जंगल शाबूत राहिलं, असं काही नाही. बंदुकीच्या जोडीला फासे होते, जाळी होती, पारधीला निघालेला अख्खा गाव होता. लावे, ससे ‘किती होते’ हे सांगणारे आबाच पुढच्या वाक्यात ‘आता खंय गावतत’ म्हणतात.

कायदाही हळूहळूच आला. तेव्हाच्या मुंबई राज्यात १९५१ मध्ये वन्य प्राणी आणि पक्ष्यांच्या संरक्षणाचा कायदा झाला. १९७२ मध्ये देशभरासाठी वन्यजीव संरक्षण कायदा आला. पण त्यातही सुरुवातीला शिकारीच्या परवान्यांची सोय होती. मोठ्या सावजाचा परवाना वेगळा आणि ससे-पाखरांसारख्या छोट्या सावजाचा वेगळा! १९९१ च्या दुरुस्तीने ते परवाने रद्द झाले आणि हौसेची शिकार कायदेशीररीत्या संपली. आबांच्या वडाखालचा तो हरियल आज महाराष्ट्राचा राज्यपक्षी आहे. एके काळी ज्याच्यासाठी श्वास रोखून बसायचे, त्याच्यासाठी आता कॅमेरेवाले श्वास रोखून बसतात.

चोरटी शिकार थांबलेली नाही, हेही खरं. रात्री हेडलाइट लावून जंगलात शिरणारे आहेत. अंधारात झुडूप हललं म्हणून बार टाकला आणि सोबतचाच माणूस गेला, अशा बातम्या कोकणातल्या पेपरांत अधूनमधून येतात. आबांना त्या लोकांचा मनस्वी राग. कारण अशी एक बातमी आली की चौकशी सगळ्या वाडीतल्या बंदुकांची होते.

लायसन बंदुकीचं, शिकारीचं नव्हे

मग आबांकडे बंदूक कशासाठी? शेताच्या राखणीसाठी. आणि इथे मला चार दिवसांतली सगळ्यात इंटरेस्टिंग गोष्ट कळली. मला वाटलं होतं, ठासणीची बंदूक ही नुसती जुन्या काळाची शिल्लक. पण १९५९ च्या शस्त्र कायद्यात परवाना कुणाला द्यायचा ते सांगताना, खऱ्याखुऱ्या पीक-संरक्षणासाठी ‘तोंडातून भरायची बंदूक’ असा स्पष्ट उल्लेख आहे. ती पुरेशी नाही अशी अधिकाऱ्याची खात्री पटली, तरच बिनआट्यांच्या नळीची दुसरी बंदूक. म्हणजे शेतकऱ्याला बंदूक द्यायची, पण सावकाश चालणारी. अमेरिकेतला हौशी माणूस जी संथ लय पैसे मोजून विकत घेतो, ती आबांना कायद्यानेच मिळालीय!

तिसऱ्या दिवशी सकाळी बागेत गेलो. नारळ, सुपारी, केळी, कडेने काजू. माडाखाली कोवळी शहाळी पडलेली, प्रत्येकाला एक भोक. माकडं शहाळं तोडतात, दोन घोट पितात आणि टाकून देतात. केळीचा एक घड असा उलगडला होता की फळवाल्यानेही एवढ्या सफाईने उलगडला नसता. वर फांद्यांवर दहा-बाराजणांचं कुटुंब निवांत बसलं होतं. डोक्यावर केसांची टोपी, लाल तोंडं, कडेवर पिल्लं. खरं सांगतो, फोटो काढायला फारच गोड.

आबांनी छर्रे न घालता नुसत्या दारूचा बार ठासला. नळी आकाशाकडे धरली. धडाम! पांढऱ्या धुराचा ढग, कुजक्या अंड्यासारखा वास, कानात घंटा. माकडं सैरावैरा पलीकडच्या डोंगरात. मी टाळी वाजवणार, एवढ्यात आबा म्हणाले, ‘‘थांब, आता गज काड आणि परत ठासूक लाग. तवसर येतली.’’

अकरा मिनिटांनी पहिलं माकड परत आलं.

‘‘पयल्या वर्सा पळाली, दुसऱ्या वर्सा बगीत बसली. आता टाळये वाजवूचे तेवडे बाकी!’’

मारायचं म्हटलं तर? नाही. बंदुकीचं लायसन म्हणजे शिकारीचं लायसन नव्हे. रानडुक्कर आणि रोही यांनी पिकांची नासाडी केली तर वनखात्याच्या परवानगीने त्यांना मारण्याची सोय राज्य सरकारने २०१५ मध्ये केली. माकडांचं उलटं झालं. वन्यजीव कायद्याच्या २०२२ च्या दुरुस्तीत हे टोपीवालं माकड पहिल्या परिशिष्टात, म्हणजे सगळ्यात कडक संरक्षणात गेलं. विनापरवाना त्याला मारलं तर किमान तीन वर्षं कैद. नुकसानभरपाईचा अर्ज करता येतो; पण पंचनामा येईपर्यंत माकडं पुढच्या माडावर.

निवडणूक जाहीर झाली की आणखी मजा. अनेकदा परवान्याच्या बंदुका पोलीस ठाण्यात जमा कराव्या लागतात. म्हातारी महिना-दोन महिने सरकारी पाहुणचार घेते आणि इकडे बागेत राज्य वानरसेनेचं. माकडांना आचारसंहिता लागू नाही!

वाडीत काहींनी प्लॅस्टिकच्या पाइपात कार्बाइड घालून आवाज काढायचा जुगाड केलाय. स्वस्त आणि लायसनची कटकट नाही. पण २०२५ च्या दिवाळीत मध्य प्रदेशात अशाच कार्बाइडच्या बंदुकांनी अनेक मुलांच्या डोळ्यांना इजा झाली. आबांनी आपल्या नातवाला त्या पाइपाजवळ फिरकू दिलेलं नाही. म्हातारीला निदान कुठे किती दारू घालायची ते माहीत असतं, हे त्यांचं म्हणणं.

‘मगे बंदूक कोणाच्या नावार?’

आता पेपरवर्क. २०१६ च्या शस्त्र नियमांनुसार लायसनधारकाने सत्तरी गाठली, किंवा शस्त्र पंचवीस वर्षं त्याच्याकडे राहिलं, की ते वारसाच्या नावावर करण्यासाठी अर्ज करता येतो. वारस पात्र हवा, पोलीस चौकशी होते, शस्त्र हाताळायचं प्रशिक्षण हवं. आबांनी सत्तरी केव्हाच ओलांडली. एक डोळा मोतीबिंदूचा, उजवा खांदा दुखरा. मुलगा एकुलता एक, पण राहतो पुण्यात. पंधराव्या मजल्यावर.

माझ्या मित्राचं लॉजिक सरळ होतं. शिकार करायची नाही, माकडं आवाजाला भीत नाहीत, बंदूक सांभाळायची कटकट, वर वारंवार नूतनीकरण. २०१९ च्या दुरुस्तीनंतर मुदत तीनाची पाच वर्षं झाली, एवढाच काय तो दिलासा. त्यापेक्षा सरळ जमा करून टाकू. बागेला सोलर कुंपण घालू, कॅमेरे बसवू, फोनवर अलर्ट येईल.

आबांनी शांतपणे विचारलं, ‘‘अलर्ट पुण्यात येतलो. माकडां हय येतली. मगे हाकलूक कोण धावतलो?’’

पडवीत एकदम शांतता. काकी तांदूळ निवडायच्या थांबल्या.

‘‘बाग मी तुझ्या नावार केलंय. घर तुझ्या नावार केलंय. मगे बंदूक कोणाच्या नावार?’’

मित्राने चिडून ‘‘आबा, तुमी समजून घ्या...’’ असं काहीतरी सुरू केलं आणि मध्येच सोडून दिलं. कारण आबा बंदुकीबद्दल बोलतच नव्हते. राखणीचं लायसन शेतावर असणाऱ्या माणसासाठी असतं. ते नावावर घेणं म्हणजे वर्षातले काही महिने तरी इथे पहाटे उठणं, माडाखाली उभं राहणं. वाडीतल्या बावीस घरांपैकी नऊ घरांना कुलूप आहे. त्या नऊ बागांची राखण कुणीच करत नाही. माकडं आधी तिथे मुक्काम ठोकतात आणि मग उरलेल्या तेरा बागांत जेवायला येतात. म्हणजे माकडांचा प्रश्न अर्धा जंगलाचा आणि अर्धा कुलपांचा.

आणि खर्चाची बाजूही बघा. आपण शहरात बसून माकड वाचलं, हरियल वाचला म्हणून खूश होतो. व्हायलाच हवं. मीही होतो. पण त्या संरक्षणाचं रोजचं बिल शहाळ्या-केळ्यांत भरतात ते आबांसारखे लोक. या बिलात आपला वाटा किती? जुन्या पारधीत निदान वाटे तरी रीतसर पडायचे.

निघायच्या दिवशी मित्र कुडाळच्या बाजारात गेला आणि अर्जासोबत लागणाऱ्या कागदांची यादी घेऊन आला. अर्ज भरायचा की बंदूक जमा करायची, ते त्याने सांगितलं नाही. आबांनीही विचारलं नाही. यादी त्यांनी चष्मा लावून दोनदा वाचली, घडी घातली आणि दारूच्या शिंगाशेजारी फळीवर ठेवली. ‘‘राव दे थंय,’’ म्हणाले. ‘‘काजूक येशीत तेवा बगू.’’

काजूचा मोसम मार्चमध्ये ऐन भरात असतो. मित्राने पंधरा दिवसांची रजा टाकलीय.

जायचंय?

कसं जाल : मुंबईहून कोकणकन्या किंवा तुतारी एक्स्प्रेसने कुडाळ. गाडीने मुंबई-गोवा महामार्ग. गणपती आणि मे महिन्यात तिकिटाची आशा आधीच सोडा किंवा आधीच काढा.

केव्हा : डिसेंबर ते फेब्रुवारी. हवा छान आणि पाखरंही भरपूर. हरियल बघायचा तर फळं धरलेला वड किंवा उंबर गाठा आणि भल्या सकाळी खाली गप्प बसा. तंत्र जुनंच, हातात फक्त दुर्बीण.

आणखी काय : कुडाळजवळच्या पिंगुळीला ठाकर समाजाची चित्रकथी आणि कळसूत्री बाहुल्या, धामापूरचा तलाव, सावंतवाडीची लाकडी खेळणी आणि गंजिफा, वर आंबोलीचा घाट.

लक्षात ठेवा : कुणाच्या घरी भिंतीवर बंदूक दिसली तर गोष्ट जरूर विचारा, पण हात लावू नका आणि सेल्फीसाठी हट्टही धरू नका. ‘रात्री शिकारीला नेतो’ म्हणणारा भेटला तर सरळ नाही म्हणा. तो गुन्हा आहे आणि अंधारात बार कुणाला लागेल याची गॅरंटी कुणीच देत नाही. बाहेर पडताना वाटेतल्या बागेतलं शहाळं विकत घ्या. भाव करू नका. एकेका शहाळ्यामागे माकडांनी किती फस्त केलीत, ते आता तुम्हाला माहीत आहे.